तीन खुणा आणि एक नकार

दहावीच्या कुमारभारतीत कवितेचं रसग्रहण लिहायला लावतात. आशय काय, भाषा कशी, कवीनं काय सांगितलं आणि काय न सांगता सोडून दिलं, असं सगळं त्यात येतं. दहावी करून विदर्भातल्या महागावच्या आयटीआयला फिटर किंवा इलेक्ट्रिशियनला लागलेला मुलगा हे एकदा लिहून मोकळा झालेला असतो. पुढे नोकरीत त्याच्या हाती येतो तो यंत्राच्या सूचनापुस्तिकेचा मजकूर. तो मात्र त्या नजरेनं वाचायला त्याला कुणी सांगत नाही. मला वाटतं, सांगायला हवं. या मजकुरालाही आशय असतो, भाषा असते, आणि एका अनोळखी माणसाबद्दलची काळजी त्यात काठोकाठ भरलेली असते.

इथे मी एकच पुस्तिका घेतो. सिक कंपनीच्या नॅव्ह-350 या लेसर पोझिशनिंग सेन्सरची. ड्रायव्हरशिवाय माल वाहणाऱ्या गाडीला कारखान्यात एजीव्ही म्हणतात, आणि हा सेन्सर अशा गाडीवर उंचावर बसवतात. त्याचा लेसर सेकंदाला 8 वेळा पूर्ण 360 अंशांत फिरतो, भिंतींवर आणि खांबांवर लावलेले रिफ्लेक्टर शोधतो आणि गाडीला तिची जागा व तोंडाची दिशा कळवतो. गाडी त्या आकड्यांवर विसंबून वळते, थांबते, पॅलेट उचलते. सेन्सर कसा बसवायचा, वायरिंग कसं करायचं, रिफ्लेक्टर कुठे लावायचे, चालवताना काय जपायचं, एवढाच पुस्तिकेचा विषय. नायक नाही, प्रसंग नाही. तरीही वाचता वाचता लक्षात येतं की प्रत्येक पानामागे कुणाचा तरी हात, कुणाचा तरी डोळा, कुणाचा तरी पाय उभा आहे.

महागावात बसून हे वाचण्याला कारण आहे. नागपूर-तुळजापूर महामार्ग या गावातून जातो. त्या रस्त्यानं एका दिशेला बुटीबोरी आहे, आणि दुसरीकडे संभाजीनगरचं वाळूज, पुण्याजवळचं रांजणगाव, चाकण गाठणारी पोरं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघतात. घरी कापूस नाहीतर सोयाबीन, थोडी ओलिताची जमीन असेल तर ऊस. पोरगा अ‍ॅप्रेंटिस म्हणून कंपनीत लागतो, पहिल्या आठवड्यात त्याला सेफ्टी शूज आणि चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट मिळतं, आणि त्याच शॉपफ्लोअरवरून एक गाडी कुणीही न चालवता त्याच्या बाजूनं निघून जाते. या पुस्तिकेचा खरा वाचक तो आहे. त्याच्यापर्यंत ती क्वचितच पोचते.

पहिल्या काही पानांतच पुस्तिका आपला वाचक ठरवून टाकते. सेन्सर यांत्रिकरीत्या बसवणारा कोण असावा, वीजजोडणी करणारा कोण, चालवणारा कोण, प्रत्येकाची पात्रता वेगळी सांगितलेली असते. मला हा भाग आधी कोरडा, कायदेशीर वाटला. पुन्हा वाचल्यावर त्यातली नजर दिसली. पाना चालवणाऱ्या माणसाला जो धोका दिसतो तो वायर जोडणाऱ्याला दिसत नाही, आणि गाडी चालवणाऱ्याला दोन्ही दिसत नाहीत. प्रत्येकाच्या अज्ञानाचा आकार वेगळा. लिहिणाऱ्यानं त्या आकाराप्रमाणे मजकूर कापला आहे.

त्यानंतर येतो तो नकार. या पुस्तिकेतलं मला सर्वांत आवडलेलं स्थळ तेच.

पुस्तिका स्पष्ट सांगते की हा सेन्सर माणसांच्या संरक्षणासाठी नाही. त्याच्या भरवशावर कुणाचा जीव ठेवू नका. विकणारा आपल्या वस्तूच्या गुणांची यादी देतो हे आपण रोज बघतो. इथे निर्मात्याने सुरुवातीलाच आपल्या वस्तूची हद्द आखून दिली आहे, आणि ती ठळक अक्षरांत. या सेन्सरला गाडीची जागा काही मिलिमीटर-सेंटिमीटरच्या हिशोबात कळते, पण गाडीपुढे उभा असलेला माणूस त्याच्या जगात नसतोच. तो उंचावर असतो, त्याची नजर डोक्यांच्या वरून भिंतीवरच्या खुणांकडे असते.

मी कुठे आहे, हा एक प्रश्न. माझ्यापुढे कोण आहे, हा दुसरा. कारखान्यात या दोन प्रश्नांना दोन वेगळी उपकरणं नेमलेली असतात. पहिल्याला हा उंचावरचा पोझिशनिंग सेन्सर. दुसऱ्याला गाडीच्या पुढच्या बाजूला, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर बसवलेला सेफ्टी लेसर स्कॅनर. तो माणसाच्या घोट्या-पोटऱ्यांच्या पातळीवर बघतो. त्याच्यापुढे दोन क्षेत्रं आखलेली असतात. बाहेरच्यात कुणी आलं की गाडी वेग कमी करते, आतल्यात आलं की थांबते. गाडीचा वेग वाढला की ही क्षेत्रंही लांबतात. त्याच्या आतलं काम दुहेरी असतं, स्वतःची तपासणी स्वतः करणारं. आत काही बिघडलं तर गाडी थांबते, चालत राहत नाही. पोझिशनिंग सेन्सरकडून असं काही अपेक्षितच नाही. दोघेही लेसर, दोघेही फिरून बघणारे, दोघेही दिसायला डब्यासारखे. नवख्याला वाटेल एकानं दोन्ही कामं होतील. पुस्तिकेचा नकार नेमका त्या वाटण्याच्या आड उभा राहतो.

या नकाराला कुळ आहे. एर्विन सिक यांनी 1946 मध्ये ही कंपनी काढली, आणि तिची ओळख झाली ती पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणलेल्या प्रकाशाच्या पडद्यामुळे. प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाची एक ओळ सोडायची. कामगाराचा हात तिला आडवा गेला की प्रेस थांबली पाहिजे. त्याच दशकात अमेरिकेत बॅरेट कंपनीनं जमिनीत पुरलेल्या तारेच्या मागोमाग जाणारा विनाचालक ट्रॅक्टर बनवला. एकीकडे माणसाशिवाय चालणारं यंत्र, दुसरीकडे माणसासाठी थांबणारं यंत्र. आजची एजीव्ही या दोन ओळींच्या संगमावर आहे, आणि पुस्तिका या दोहोंची गल्लत होऊ देत नाही.

आता भाषेकडे. आजच्या औद्योगिक पुस्तिकांत इशाऱ्यांच्या चार पायऱ्या असतात. सर्वांत वरची म्हणजे दुर्लक्ष केलं तर मरण किंवा गंभीर इजा होणारच. त्याखालची, होऊ शकते. तिसरी, किरकोळ ते मध्यम इजा होऊ शकते. चौथी माणसाविषयी नसते, वस्तूच्या नुकसानीविषयी असते. लिहिणाऱ्याला मनाला येईल तसा आवाज चढवता येत नाही. प्रत्येक धोका तोलून त्याला त्याची पायरी द्यावी लागते. आपल्याकडे रोहित्राच्या जाळीवर, कीटकनाशकाच्या डब्यावर, घाटाच्या वळणावर सारखाच धोका लिहिलेला असतो आणि म्हणून कुठलाच वाचला जात नाही. इथे सगळ्यात मोठा शब्द जपून ठेवलेला आहे, तो खरोखर लागेल त्या जागेसाठी.

एकेका इशाऱ्याची रचनाही बघण्यासारखी आहे. आधी धोका कसला आणि कुठून येतो. मग त्याचा परिणाम काय. मग काय करायचं. हा क्रम सहसा मोडत नाही. ‘सावकाश काम करा’ असा मोघम उपदेश त्यात बसत नाही, कारण त्यात धोका कुठला ते नाही. वीजजोडणीचंच घ्या. सेन्सर 24 व्होल्ट डीसीवर चालतो, एवढ्या व्होल्टेजनं माणसाला सहसा झटका बसत नाही, म्हणून पोरं चालू लाइनवरच कनेक्टर लावतात. पण गाडीच्या बॅटरीत करंट प्रचंड असतो. शॉर्ट झाला तर पाना वितळतो, हात भाजतो, आणि अर्धवट जोडलेल्या सेन्सरला सप्लाय मिळून गाडी अनपेक्षितपणे हलू शकते. सप्लाय बंद केल्याशिवाय जोडणी करू नका, हे वाक्य एकटं वाचलं तर हुकूम वाटतं. त्याच्या आधी लिहिलेली कारणं वाचली की ते समजूतदार माणसाचं बोलणं होतं. रसग्रहणात आपण म्हणतो तसं, इथे आशय आणि रचना एकमेकांपासून सोडवता येत नाहीत.

आता खुणांचा भाग. इथे पुस्तिका सुंदर होते.

सेन्सरला स्वतःची जागा काढायला एका वेळी किमान तीन रिफ्लेक्टर दिसायला हवेत. आर्णीकडून रात्री महागावकडे येताना गावचा माणूस दूरच्या दिव्यांवरून ओळखतो, हा टॉवरचा लाल दिवा, तो जिनिंगचा, ते पेट्रोल पंपाचं पांढरं. त्यांच्यातले कोन बदलत जातात आणि कुठवर आलो ते कळतं. एक दिवा दिसला तर नुसती दिशा कळते. तीन दिसले की जागा पक्की होते. सेन्सर तेच करतो, फक्त प्रत्येक खुणेचा कोन आणि अंतर दोन्ही मोजून. रिफ्लेक्टर म्हणजे प्रकाश आला त्याच वाटेनं परत पाठवणारा कागद, सपाट पट्टीवर किंवा गोल नळकांड्यावर चिकटवलेला. नळकांडं चारी बाजूंनी सारखं दिसतं, म्हणून मोकळ्या खांबावर ते चांगलं.

पण तीन खुणा लावल्या की झालं असं नाही. त्या सारख्या अंतरावर, ओळीत, आरशातल्यासारख्या समोरासमोर लावू नका, असा सल्ला इथे मिळतो. गोदामाचे खांब सारख्या अंतरावर असतात, त्यामुळे लावणाऱ्याचा हात आपोआप प्रत्येक खांबाकडे जातो. तसं लावलं तर या गाळ्यातलं चित्र पुढच्या गाळ्यातल्या चित्रासारखंच दिसतं, आणि गाडी एका गाळ्यात असून स्वतःला दुसऱ्यात समजते. तिला शंकाही येत नाही. ती पूर्ण आत्मविश्वासानं नसलेल्या वळणावर वळते. म्हणून खुणांची मांडणी विषम हवी, प्रत्येक जागेवरून दिसणारं चित्र दुसऱ्या कुठल्याही जागेहून वेगळं हवं. टापटिपीची सवय इथे मोडावी लागते. लिहिणाऱ्याला सुव्यवस्थित दिसणाऱ्या गोदामातला हा धोका दिसला, याचं मला फार कौतुक वाटतं.

आणि मग जॅकेटचा मुद्दा. कामगाराच्या जॅकेटवरच्या चमकत्या पट्ट्या रिफ्लेक्टरच्याच जातीच्या असतात. फोर्कलिफ्टच्या ड्रायव्हरला माणूस दिसावा म्हणून त्या लावलेल्या. लेसरच्या पातळीत तोच माणूस उभा राहिला तर सेन्सरला ती खूण वाटू शकते, चालती-फिरती खूण. स्टेनलेस स्टीलचा पाइप, काच, कपाटाचा गुळगुळीत पत्रा यांचंही असंच. शिवाय माणसं मधे उभी राहिली तर खऱ्या खुणा झाकल्या जातात. म्हणून सेन्सर आणि रिफ्लेक्टर डोक्याच्या वर हवेत. पोझिशनिंग सेन्सर माणसांच्या वरून बघतो ही गोष्ट आपण आधी त्याच्या मर्यादेच्या बाजूनं वाचली. इथे तीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं वाचायला मिळते. जागा नीट कळण्यासाठी त्याला माणसं टाळावीच लागतात. तेव्हा माणसं बघणारा दुसरा डोळा खाली हवाच. सुरुवातीचा नकार हा सावधपणाचा शिष्टाचार नव्हता, उपकरणाच्या रचनेतूनच तो निघतो, हे वाचकाला इथे कळतं. चांगल्या लेखनात पहिल्या पानावरचं विधान पुढे कुठेतरी असं सिद्ध होतं.

बसवण्याच्या कामातलं सगळ्यात नाजूक काम म्हणजे पातळी. लेसरची फेरी आडवी, जमिनीला समांतर हवी. फक्त 1 अंशाचा कल राहिला तर 30 मीटरवर किरण 52 सेंटिमीटर वर किंवा खाली जातो. अर्ध्या मीटर उंचीचा रिफ्लेक्टर असेल आणि किरण त्याच्या मध्यावर धरलेला असेल, तर तो चुकलाच. जवळच्या भिंतीवर तपासलं तर सगळं बरोबर दिसतं, चूक लांबच्या टोकाला उघडी पडते. फरशीचा खड्डा, एका चाकाची झीज, एका बाजूला जास्त माल, यांनीही कल येतो. आणि सेन्सरचं तोंड गाडीच्या सरळ रेषेपासून 1 अंश फिरलेलं राहिलं, तर 2 मीटर पुढच्या फोर्कचं टोक साडेतीन सेंटिमीटर बाजूला पडतं, पॅलेटच्या खाचेत न जाता लाकडाला भिडतं. अ‍ॅलन कीनं चार स्क्रू आवळण्याच्या कामात एवढं सगळं दडलेलं आहे. वेगाचंही तसंच. सेकंदाला 8 फेऱ्या म्हणजे दोन उत्तरांच्या मधे 1 मीटर प्रतिसेकंद वेगाची गाडी साडेबारा सेंटिमीटर पुढे गेलेली असते. म्हणून गाडीनं आपला वेग सेन्सरला सतत कळवायचा असतो, नाहीतर त्याचं उत्तर बरोबर असूनही जुनं असतं.

लेसर म्हटल्यावर डोळ्यांची भीती आधी येते. या सेन्सरचा किरण 905 नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त. दिसणाऱ्या लेसरपुढे पापणी आपोआप मिटते, पाव सेकंदात. न दिसणाऱ्यापुढे ती मिटत नाही. म्हणून इथे वर्ग 1 लागतो, म्हणजे नेहमीच्या वापरात किरण डोळ्यावर पडला तरी इजा होणार नाही इतकी त्याची ताकद बांधलेली. पण हा वर्ग बंद पेटीचा आहे. पेटी उघडली, आतलं काही बदललं, की ते आश्वासन संपतं. उघडू नका, दुरुस्ती स्वतः करू नका, असं पुस्तिका बजावते. आपल्याकडच्या मेकॅनिकच्या स्वभावाला ही सूचना सर्वांत जड जाते. आपण उघडून बघूनच शिकलेलो आहोत. मोटरपंप उघडला, स्प्रे पंप उघडला, मोबाइल उघडला. इथे न उघडणं हेच कौशल्य आहे, आणि ते शिकवावं लागतं.

पुसण्याचा भाग छोटा, पण कापसाच्या मुलखातल्या माणसानं तो दोनदा वाचावा. लेसर बाहेर पडतो ती जागा स्वच्छ हवी. धूळ बसली तर लांबच्या खुणा आधी हरवतात. कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसलं तर ओरखडे पडतात, प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होऊन धूळ उलट जास्त चिकटते. मऊ ब्रशनं आधी उडवायची, मग योग्य द्रवानं मऊ फडक्यानं हलकेच पुसायचं. सूतगिरणीत किंवा जिनिंगमध्ये रुईच्या तंतूंनी भरलेली हवा ज्यानं बघितली आहे, त्याला हे सांगायला नको. अर्थिंग, शील्डेड केबल, ओलावा यांवरची पानं मी इथे सोडतो. ती गरजेची आहेत, पण कुठल्याही औद्योगिक सेन्सरला तीच लागू होतील.

पण असा मजकूर हाताशी नसला तर काय होतं, हे समजायला महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीबद्दल थांबून लिहायला हवं.

ऑगस्ट 2021 मध्ये या गावातल्या एका तरुणानं स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेतली. शिक्षण आठवीपर्यंत, काम वेल्डिंगचं. कपाटं, कूलर बनवणारा हात. व्हिडिओ बघून, सामान जमवून, मारुती 800 चं इंजिन वापरून त्यानं एका माणसाचं हेलिकॉप्टर उभं केलं होतं. स्वातंत्र्यदिनाला ते लोकांपुढे आणायचा त्याचा बेत होता. चाचणीत मागच्या पंख्याचं पातं तुटलं, मुख्य पंख्यावर आदळलं, आणि त्या पंख्याचा घाव त्याच्या डोक्याला बसला. तो वाचला नाही. देशभर बातमी झाली. काहींनी त्याला वेडा ठरवलं, काहींनी शास्त्रज्ञ. मला ती दोन्ही विशेषणं त्याच्या कामाशी अप्रामाणिक वाटतात. पत्रा, पाइप आणि जुन्या इंजिनातून फिरता पंखा उभा करणारा माणूस कारागीर असतो, आणि तो मोठा कारागीर होता.

त्याच्याजवळ काय नव्हतं, याचा विचार ही पुस्तिका वाचताना सारखा येतो. यंत्र बनवण्याचे व्हिडिओ त्याच्याजवळ होते. व्हिडिओ चालणारी गोष्ट दाखवतो. पातं फिरतं, यंत्र उठतं, लोक टाळ्या वाजवतात. पातं तुटलं तर ते कुठे जाईल, हे तो दाखवत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या कारखान्यांत पंख्यांची चाचणी आधी वेगळ्या मनोऱ्यावर होते, माणसं संरक्षित खोलीत बसून. मग यंत्र जमिनीला बांधून ठेवून तासन् तास चालवतात. पंख्याच्या फिरण्याच्या पातळीत कुणी उभं राहत नाही. हे सगळं कुठेतरी लिहिलेलं आहे, आधीच्या अपघातांनंतर लिहिलेलं. फुलसावंगीच्या दुकानापर्यंत ते आलं नव्हतं. एजीव्हीच्या पहिल्या चाचणीची रीतही तेच सांगते. गाडी आधी हळू वेगात चालवा, रस्त्यात कुणी नको, इमर्जन्सी स्टॉपवर एका माणसाचा हात तयार हवा, आणि तो माणूस चाचणी करणाऱ्याहून वेगळा हवा. शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते. यंत्र चालावं असं ज्याला मनापासून वाटतं, त्याच्याकडे ते थांबवण्याचं काम द्यायचं नाही. त्या चाचणीच्या वेळी फुलसावंगीत असा एक माणूस असता, ज्याचं काम फक्त तुटण्याचा विचार करणं हेच होतं, तर काय झालं असतं हे मला सांगता येणार नाही. पण प्रत्येक कार्यशाळेत असा माणूस असावा, असं मी ठामपणे म्हणेन.

या भागाला यंत्राची इजा नवी नाही. जिनिंग आणि मळणी या दोन्ही कामांनी विदर्भात हात घेतलेले आहेत. 1948 च्या कारखाने अधिनियमात फिरत्या भागांना कुंपण घालण्याचं कलम 21 होतं, आणि कापूस पिंजणाऱ्या यंत्राजवळ स्त्रिया व मुलांना कामाला लावण्यावर बंधन घालणारं कलम 27 वेगळं होतं. मळणीयंत्रांनी इतके हात गेले की 1983 मध्ये धोकादायक यंत्रांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा करावा लागला. त्या कलमांची आणि या पुस्तिकेची भाषा एकाच घराण्याची आहे. फरक एवढाच की कलम अपघातानंतर मालकाला उद्देशून बोलतं, आणि पुस्तिका अपघाताआधी कामगाराशी बोलते. म्हणूनच ती त्याच्या हातात असायला हवी, सुपरवायझरच्या कपाटात नव्हे.

विनाचालक गाड्यांच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 3691-4 हे या पुस्तिकेच्या शेजारी ठेवून वाचावं. गाडीच्या दोन्ही बाजूंना माणूस सटकू शकेल इतकी, अर्ध्या मीटरची, मोकळी जागा ते मागतं. आणि गाडीचा सेफ्टी स्कॅनर माणूस ओळखतो की नाही हे तपासायला दोन नळकांडी सांगतं. एक 70 मिलिमीटर जाडीचं, 400 मिलिमीटर उंचीचं, उभं ठेवायचं. दुसरं 200 मिलिमीटर जाडीचं, 600 मिलिमीटर लांबीचं, गाडीच्या वाटेत आडवं ठेवायचं. पहिलं म्हणजे उभ्या माणसाचा एक पाय. दुसरं म्हणजे पडलेला माणूस. घसरून पडलेला, चक्कर येऊन पडलेला, वाकून काही उचलताना आडवा झालेला माणूस कुणाच्या तरी मनात आला, आणि त्यानं त्याची लांबी-जाडी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवली. गाडी त्याच्यापुढेही थांबली पाहिजे. नाव नाही, चेहरा नाही, तरी मानवी देहाचं इतकं नेमकं आणि इतकं जिव्हाळ्याचं वर्णन मी फार थोड्या ठिकाणी वाचलं आहे.

महागावच्या, उमरखेडच्या, पुसदच्या आयटीआयत एजीव्ही नसेल. ही दोन नळकांडी मात्र बनवता येतात. 75 मिलिमीटरचा जाड भिंतीचा पाइप किंवा सागाचा गोल तुकडा लेथवर 70 ला उतरवायचा, 400 ला कापायचा, काळा, चमक नसलेला रंग द्यायचा. दुसरं जाड पाइपचं. बॅचच्या मुलांना विचारायचं की हे काय आहे, आणि उत्तर आल्यावर पुस्तिकेचं ते नकाराचं पान मराठीत मोठ्यानं वाचायला लावायचं. मग तीन रिफ्लेक्टर वर्कशॉपच्या भिंतींवर वेडेवाकडे लावून एका लेसर मीटरनं अंतरं मोजायची, आणि कागदावर कंपासनं तीन वर्तुळं काढून स्वतःची जागा शोधायची. एका दुपारचं काम आहे. त्यातल्या कुणी पुढे चाकणला गाडीच्या डोक्यावर चार स्क्रू आवळले, तर पातळी तपासण्यासाठी तो लांबच्या भिंतीपर्यंत चालत जाईल, आणि काम सुरू करण्याआधी खालचा स्कॅनर चालू आहे ना हे स्वतः वाकून बघेल.